न्याहारीत न बसलेला भात

लंडनमधल्या पिनरच्या कॅमेरा क्लबात प्रत्येक फोटोला नाक लावून बघणाऱ्या एक गोऱ्या आजी माझ्या बाजूने उभ्या राहिल्या, हे आधी सांगतो. त्या महिन्याच्या स्पर्धेचा विषय होता ‘न्याहारी’. माझ्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर मी फोडणीच्या भाताचा फोटो काढला होता. परीक्षक हसत म्हणाले, "भात म्हणजे जेवण. विषयाबाहेर!" आणि फोटो बाद.

आमच्या घरी जन्मभर सकाळी हेच खाल्लं! संताप झाला, पण आठवीत शाळा सोडलेला मी इंग्रजीत भांडणार कसा?

आजी चष्मा कपाळावर सारून उठल्या. "तो सकाळी काय खातो, हे तुम्ही ठरवणार? मग माझा टोस्टही बाद करा!" त्यांनी स्वतःचा फोटो स्टँडवरून उचललासुद्धा.

परीक्षकांवरचा राग अजून गेलेला नाही. आजी, तुमच्यावर कधी अशी वेळ आली, तर मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, मी उठून बोलणार.