बारक्याने रंगवलेली पाटी

तलासरीच्या हमरस्त्यावर बासष्ट-त्रेसष्टच्या सुमारास दुकानांच्या ज्या पाट्या होत्या, त्यांतल्या बहुतेक बारक्याच्या हातच्या. तो वारली. मी तिथे मास्तर असताना त्याला अक्षरे शिकवली, एवढाच माझा संबंध. हे मला नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही.

त्या उन्हाळ्यात त्याची बायको जिवली तापाने फणफणली होती. दवाखान्यात जायला बसची वाट पाहताना ती प्रभात हॉटेलातल्या बाकड्यावर टेकली. मालक गोपीनाथशेठने भर गिऱ्हाइकांत दंडाला धरून तिला उठवले आणि बाकडे धुऊन घेतले. वर म्हणाला, "जंगलात झाडे कमी पडली काय टेकायला?" चारजण हसले. बारक्या तिला धरून बाहेर घेऊन गेला.

भाद्रपदात त्याच शेठने त्याला नवी पाटी सांगितली. बारक्याचा चेहरा त्याच्या लक्षातही नव्हता. तेच जास्त लागले, असे बारक्या मला म्हणाला.

घरी त्याने पत्र्यावर तेलरंगाने काळी अक्षरे लिहिली. ती वाळल्यावर वरून डिंकात कालवलेल्या खडूचा जाड हात दिला आणि त्यावर डिंकातल्याच लाल रंगाने ‘प्रभात हॉटेल’ काढले. पाटी पडवीत टांगायची होती, तिथे पाऊस पोचत नव्हता. पण दसऱ्याला शेठ स्वतः पाटी धुऊन हार घालतो, हे साऱ्या गावाला माहीत होते.

दसऱ्याच्या सकाळी ओले फडके फिरले. लाल ओघळ शेठच्या कोपरापर्यंत आले आणि खालून अक्षरे निघाली: ‘येथे आजारी बाईला बाकड्यावरून उठवतात.’ घासावे तशी ती ठळक होत गेली. ट्रकवाले उतरून मोठ्याने वाचू लागले.

शेठ धावत पाड्यावर गेला. बारक्या म्हणाला, "आधी जिवलीला त्याच बाकड्यावर बसव. चहा तू आणून दे."

शेठने सगळ्यांसमोर दिला. जिवलीने बशीत ओतून सावकाश प्यायला. मग शेठने ब्रश पुढे केला.

"आता पूस."

"बसव म्हटले, शेठ. पुसतो कधी म्हटले?"

दोघे चालू लागले.

शेठने पाटी उलटी करून टांगली. तरी येणारेजाणारे पत्रा उचलून मागची बाजू वाचत. बाजाराच्या दिवशी बारक्या मुद्दाम तिथून जाई आणि कोणी वाचत असला, तर त्याचे वाचून होईपर्यंत उभा राही.