रूथताई आणि कंप्रेसर रूमची मंडळी

कांद्याच्या चाळीतून एक कांदा काढायला जावं, तर वरचे दहा घरंगळत पायाशी येतात. रूथताईंच्या आठवणींचं तसंच आहे. आमच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये कुणी नुसतं "ताई त्या दिवशी..." म्हटलं, की चहा गार झालाच म्हणून समजा!

रूथताई मूळच्या शिरूरच्या. मिशन कंपाउंडमधल्या नाताळच्या नाटकात मेंढपाळ झाल्या, तिथून मुंबईची रंगभूमी आणि मग टीव्ही. सहा वर्षं त्यांनी एका सीरियलमध्ये दमयंतीकाकू नावाची खाष्ट बाई केली. आता त्या गावी परत आल्यात आणि कुरकुंभच्या कारखान्यांतल्या कामगारांना घेऊन नाटक बसवतात. मीही परत आलेलीच. शाळा डेहराडूनला, नाटकाचा कोर्स लंडनला. रंगभूमीनं माणूस बदलतो, हे मी तिथून शिकून आले होते. तो बदलताना पाहिला मात्र इथेच.

एकदा ताई आणि मी न्हावऱ्याहून एसटीनं शिरूरला निघालो होतो. गाडी भरलेली. ताईंनी एका म्हातारीला जरा सरकायला सांगितलं. म्हातारीनं चष्मा वर केला.

"सुनंच्या दुधात इख कालवलंस, आन् आता जागा मागतीस व्हय?"

सगळी एसटी आमच्याकडं बघायला लागली. मी समजवायला पुढं झाले, तर ताईंनी माझा दंड धरून मागं ओढलं. शिरूरपर्यंत त्या दांडीला धरून उभ्या राहिल्या, मान खाली घालून, एखाद्या गुन्हेगारासारख्या! उतरताना म्हातारीनंच त्यांचा पदर ओढला आणि हळूच विचारलं, "वाचती का गं ती पोरगी?"

ग्रुपमध्ये माझा पहिला दिवस. मी कामगारांपुढं तासभर बोलले. श्वास, शरीर, भावनेची स्मृती, सगळं! ताई शांतपणे माझ्या ओठांकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "झालं? आता ही रिकामी कपबशी उचल. चहा गरम आहे असं दाखव."

मी बोटं भाजल्यासारखं केलं. चांगलं केलं असावं, कारण टाळ्या पडल्या.

"छान. आता मी करते. चहा पाहुण्यांचा आहे आणि घरातलं दूध संपलंय."

त्यांनी कपबशी उचलली आणि फक्त चार पावलं चालल्या. बॉयलरवर काम करणारे शिंदेमामा पटकन उठून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वयनी, आमी आत्ताच पिऊन आलो!"

मी माझी लंडनच्या नोट्सची वही बॅगेत टाकली.

ताई माझ्या ओठांकडे का बघत होत्या, हे त्याच दिवशी कळलं. त्यांनीच सगळ्यांना सांगितलं, "डावा कान गेलाय, उजवा निघालाय. सीरियलमध्ये समोरच्यानं पाठ फिरवली की माझा क्यू चुकायचा. खरं कारण कुणाला न सांगता सीरियल सोडून आले. दौंडला एक प्रयोग करायचा. त्यात मी क्यू चुकवला, किंवा लोक भलत्या जागी हसले, तर तोंडाला परत रंग लावणार नाही."

मग शिंदेमामा म्हणाले, "ताई, आमच्या कंप्रेसर रूममधी कुणालाच काय ऐकू येत न्हाई. म्हणून काय प्लँट बंद पडलाय व्हय?"

आणि कारखान्यातल्या हातांच्या खुणा नाटकात आल्या! सहकलाकार वाक्य संपलं की अंगठा आत घ्यायचा. मामा हॉलच्या मागं उभे राहायचे. मूठ डावीकडं फिरवली म्हणजे व्हॉल्व्ह उघडा, आवाज वाढवा. उजवीकडं फिरवली म्हणजे आवाज कमी. एका तालमीत मामांचं मनगट अवघडलं, म्हणून ते चांगलं गरागरा फिरवत बसले, तेही डावीकडं! नाटकात आई झालेल्या ताई तेव्हा लेकाच्या कानात गुपित सांगत होत्या. ते गुपित ऐकून पलीकडच्या गिरणीतली माणसं धावत आली!

मग दौंडचा प्रयोग. रविवार, सकाळी अकरा. हॉल खच्चून भरलेला. शेवटच्या प्रवेशात आजारी मुलगा खाटेवर पडलेला असतो. "आई, दार उघडं ठेव," म्हणतो आणि मरतो. मग आई त्याच्याशी बोलते. मुलगा म्हणजे आमचा दत्तू. त्याचा बदली कामगार आलाच नव्हता, म्हणून दोन पाळ्या सलग करून तो थेट गेटवरून स्टेजवर आला होता.

आई उशाशी आली. दत्तूचं वाक्य यायचं होतं. आलं ते घोरणं! चांगलं खणखणीत, माइकवरून.

हॉल हसला. भलत्याच जागी हसला.

ताईंना फक्त हसणारे चेहरे दिसले. त्यांनी दत्तूच्या अंगठ्याकडं पाहिलं. तो हलेना. मागं मामांकडं पाहिलं. मामांचे दोन्ही हात वर, पण करणार काय? घोरण्याला आमच्याकडं खूणच नव्हती! मी विंगेत संहिता छातीशी धरून उभी होते.

ताई खाटेवर बसल्या. दत्तूच्या छातीवर त्यांनी तळहात ठेवला. घोरण्यासरशी तो वरखाली होत होता. मग वळून लोकांकडं पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. दोन पाळ्या करून आलाय."

हसू जागच्या जागी थांबलं. मेलेल्या लेकाला सांगायचं ते सगळं त्यांनी झोपलेल्या लेकाला सांगितलं. कुजबुजत, त्याच्या केसांतून हात फिरवत. ती कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत गेली. मामांचे हात कधी खाली आले, त्यांनाही कळलं नाही. मध्येच कुणाचा तरी मोबाइल वाजला, तर एक मावशी दबक्या आवाजात खेकसल्या, "बंद कर की मुडद्या! उठंल ना त्यो!"

पडदा पडला. एकही टाळी नाही. मी पळत हॉलमध्ये आले आणि टाळी वाजवायला हात उचलले, तर शेजारच्या बाईनं ते घट्ट धरून ठेवले. माणसं उठत होती. चपला हातात घेऊन, लेकरांच्या तोंडावर हात ठेवून, एकामागून एक चवड्यांवर बाहेर पडत होती. ताई पडदा बाजूला करून बघत होत्या.

हॉल रिकामा झाला तेव्हा दत्तू दचकून उठला.

"ताई, मी मेलो का?"

ताईंनी त्याचे ओठ वाचले. मग आख्खा हॉल घुमेल एवढ्या आवाजात मला म्हणाल्या, "याच्या सुपरवायझरला जाऊन भेट! पुढच्या प्रयोगाच्या आधीही याला डबल ड्युटीच लाव म्हणावं!"