घडा माझ्याकडे, तलवार तिच्याकडे

लेकीनं बंगळुरूला नोकरी धरली आणि आमच्या फोनवरच्या बोलण्याला अवकळा आली. "जेवली का?" "हाँ।" "काय खाल्लं?" "खाना।" आता खाना नाही तर काय विटा खाशील, बाई? पण एवढं म्हणेपर्यंत फोन बंद. रायपूरच्या आमच्या मराठी घरांमधले पोट्टे असेच वाढतात. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत येतं. त्याचा मला कधी राग आला नाही. आता उत्तरच येईनासं झालं होतं, आणि मी घरभर भांडी आपटत फिरत होते.

मग एकदा तिनंच सुचवलं. तिचा जुना गेमचा डबा जाताना इथंच टीव्हीखाली राहिला होता, नवा तिनं तिकडं घेतला होता. दोन्ही इंटरनेटला जोडले की ती तिकडून आणि मी इकडून एकाच खेळात शिरायचं, आणि कानाला हेडफोन लावून बोलत राहायचं. "हर संडे दो घंटे, आई. ट्राय तो करो।" दोन तास! पोरीचा आवाज दोन तास कानात राहणार असेल तर मी मगरीशी कुस्ती खेळायला तयार होते.

सुरुवातीलाच घोळ झाला. तिथं आधी आपलं रूप निवडावं लागतं. लेक झाली उंच, मोकळ्या केसांची, हातात तलवार. मी चष्मा शोधता शोधता रिमोटचं कुठलंसं बटण दाबलं आणि झाले दाढीवाला बुटका. त्या रिमोटला खरं तर कंट्रोलर म्हणतात, पण मी रिमोटच म्हणते. पोट पुढं, दाढी गुडघ्यापर्यंत, नाक बटाट्याएवढं. आता बदलता येत नाही म्हणे. आमचे हे रेल्वेतून रिटायर झाल्यापासून सोफ्यावरच ड्यूटी करतात. तिथूनच म्हणाले, "राहू दे ना. चांगला शोभून राहिला." त्या दुपारी मी यांना चहा दिला नाही.

खेळातलं काम पाण्याचं होतं. एक गाव, त्याचं तळं ठणठणीत कोरडं, कारण जलदेवी रुसून बसलेली. डोंगरातल्या तीन झऱ्यांचं पाणी एकाच घड्यात भरायचं, न सांडता गावात आणायचं आणि तळ्यात ओतायचं. मग देवी प्रसन्न. वाटेत जागोजागी राक्षस. ज्याच्या डोक्यावर घडा, त्याला पळता येत नाही, उडी मारता येत नाही, लढता तर मुळीच येत नाही. म्हणून घडा माझ्याकडे, तलवार तिच्याकडे.

"म्हणजे इथंही पाणी मीच भरू?" मी भडकले. "जन्मभर नळाच्या मागं धावून राहिली, आता राक्षसायच्या गावातही मीच?"

"आप एक्सपर्ट हो ना, आई।"

एक्सपर्ट कसली! पहिल्या दिवशी मी घडा घेऊन भिंतीत चालत होते आणि रस्ता संपत काहून नाही म्हणून खेळाला शिव्या देत होते. पुलावरून पडले. एका बकरीनं मला ढुशी मारून दरीत पाडलं, तेव्हा हे सोफ्यावर इतके हसले की यांना ठसका लागला. पण हळूहळू अंगठे वळायला लागले, आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. घडा डोक्यावर असला की सावकाशच चालावं लागतं, आणि सावकाश चालणाऱ्या दोघी जणी गप्प राहू शकत नाहीत. माझी आई सांगायची, विहिरीवर जाणाऱ्या बायकांच्या गप्पा येताना जास्त रंगायच्या, जाताना नाही. तसंच झालं. राक्षस आला की लेक गप्प, राक्षस मेला की बोलायला लागायची. सोबत राहणारी पोरगी कुकर वापरते आणि घासत नाही. साहेब सगळ्यांसमोर टोमणे मारतो. आणि दुसऱ्या झऱ्याजवळ, एकदम हळू आवाजात, "आई, यहाँ ना... मन नहीं लगता।"

मी तोंड उघडणार तेवढ्यात झाडामागून राक्षस आला. माय वं, त्या राक्षसाला मी ज्या शिव्या घातल्या! हे उठून खिडकी लावून आले.

तिसरा झरा भरला तोवर आम्हा दोघींचा जीव अर्ध्यावर आला होता. खेळात जीव संपत आला की वाटेवरच्या सराईत, म्हणजे धर्मशाळेत, मुक्काम करायचा असतो. दिवे मालवतात, क्षणात रात्र सरते आणि सकाळी माणूस ताजंतवानं. आम्ही मुक्काम केला. लेक म्हणाली, "मैं चाय रखके आती हूँ. आप कुछ छूना मत।"

मी काहून हात लावू? पण तिकडं खेळात उजाडलं. कोंबडा आरवला. मी घडा घेऊन सराईच्या दारात उभी, आणि दाराशी एक कुंडी, तिच्यात सुकलेलं रोप.

आता आमच्या घरी सकाळचं पहिलं काम काय असतं? गुंडातलं, म्हणजे पाण्याच्या कळशीतलं, कालचं पाणी तुळशीला आणि कुंड्यांना घालायचं, गुंड घासायचा, ताजं पाणी भरायचं. आईनं तेच केलं, सासूबाईंनी तेच केलं. गोल बाजारातून आणलेला माझा पितळेचा गुंड घासून घासून पातळ झाला, पण रात्र काढलेलं पाणी मी कोणाला पिऊ दिलं नाही. अंगठ्यानं आपलं काम केलं. बुटक्यानं घडा वाकडा केला, सगळं पाणी कुंडीत, आणि रोपाला टप्पकन फूल आलं. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

"आई!" कानात किंचाळी. "पानी कहाँ गया?"

"शिळं झालं होतं. झाडाले घातलं."

"वो जादू का पानी था! तीन झरने का! वो बासी नहीं होता, आई!"

"पाणीच आहे ना? रात्र काढली ना त्यानं? देवीले काय शिळं पाणी घालशील?"

ती "बाय" म्हणाली आणि कान सुने झाले.

"सॉरी म्हणून टाक ना," हे म्हणाले.

"काहून? मी काय विष ओतलं?"

असं तोऱ्यात म्हटलं खरं, पण त्या आठवड्यात माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी अजून नोकरीत; ऑफिसात फाइल उघडायची आणि बघत बसायची. पाण्याचं मला काही नव्हतं, आग लागो त्या पाण्याला. पोरीचे दोन तास मी माझ्या हातानं कुंडीत ओतले होते, आणि आता ती पुन्हा "खाना" वर येणार, हीच भीती. मी दोनदा मेसेज केला. तिनं नुसता अंगठा पाठवला. अंगठ्याचा काय अर्थ काढायचा माणसानं?

रविवारी जेवणं उरकून मी आधीच हेडफोन लावून बसले. समोर बुटका एकटाच सराईच्या दारात उभा, हातात रिकामा घडा. वेळ होऊन गेली. हे माझ्याजवळ पाणी ठेवून गेले. आणि मग तिची तलवारवाली सराईतून बाहेर आली.

"आई, चलो।" ती हसत होती. "मैंने ऑफिस में सबको बताया. लंच में सब पागल हो गए हँस-हँस के।"

"हस, हस. तुझ्या मायची बदनामी कर."

पुन्हा तोच डोंगर, तेच झरे, तीच हलकट बकरी. आम्ही घाई केली नाही. साहेबाला तिनं काय उत्तर दिलं ते मला तिसऱ्या झऱ्यापर्यंत पुरलं. कुकरवालीशी एकदा कडाकड भांडून घे, असा सल्ला मी दिला, आणि तो तिनं म्हणे पाळलासुद्धा. दोनेक रविवार असे गेले. या खेपेला सराईत मुक्काम करायचा नाही, असं तिनं मला शपथ घालून सांगितलं होतं.

गाव दिसायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "ये हो गया ना आई, तो आपकी छुट्टी. फिर नहीं सताऊँगी आपको।"

तळं समोर, डोक्यावर भरलेला घडा, आणि मला वाटलं, आत्ता जर ती बकरी आली आणि तिनं मला पाडलं, तर मी तिला पेंड खाऊ घालीन. पण मेली हवी तेव्हा थोडीच येते? हे सोफ्यावरून उठून टीव्हीजवळ येऊन उभे राहिले. "ओत," म्हणाले. पोरीनं एवढी मेहनत केली होती. मी ओतलं.

काय तो देखावा, बाप्पा! तळं काठोकाठ भरलं, देवी वर आली, बेडूक ओरडले, गावकरी नाचले. माझा बुटका मी न सांगता नाचायला लागला, दाढी उडवत. यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळं थांबलं आणि काम फत्ते झाल्याची अक्षरं आली.

"झालं," मी म्हटलं.

"हाँ. हो गया।"

हेडफोन तिनंही काढला नाही, मीही नाही. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि माझ्या तोंडातून निघालं तेच. "जेवली का?"

"हाँ।" मग, "आई."

"हव?"

"पुढच्या रविवारपर्यंत... ते तळ्यातलं पाणी शिळं होईल ना?"

मराठीत. अख्खं वाक्य. तळ्याचं पाणी शिळं होत नाही हे मला काय माहीत नाही? मी माहेरची विदर्भातली बाई, तळ्याकाठी वाढलेली.

"होईलच ना," मी म्हटलं. "रात्र काढली की झालंच शिळं."

"मग ओतून देऊ. पहिल्यापासून भरू."

आणि तिनं तिकडून काहीतरी दाबलं. तळं गेलं, गाव गेलं, आणि पडद्यावर पुन्हा रूप निवडायची रांग आली. उंच, देखण्या, मोकळ्या केसांच्या बाया ओळीनं उभ्या होत्या. मला नीट दिसत नव्हतं. मी पदरानं चष्मा पुसला, डोळे पुसले, चष्मा लावला, आणि सगळ्यांना ओलांडून टोकाला जाऊन दाढीवाला बुटका निवडला.