गाढवं लिहिणारा डॉक्टर

दिवे लागले की डॉक्टर रामहरी गाढवं लिहायला बसायचे, असं आमच्या गावात अजून म्हणतात. परका माणूस ऐकून चमकतो. आम्ही त्याला आधी चहा देतो, मग सांगतो.

आमचं गाव अक्कलकोटच्या पुढं. इथं एकाच चुलीपाशी आई कानडीत रागावते आणि बाप मराठीत समजूत काढतो. डॉक्टर माळशिरसकडचे. दिवसभर सायकलवरून वस्त्यावस्त्यांवर फिरून औषध द्यायचे, आणि रात्री दिव्याच्या उजेडात कथा लिहायचे. बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या मनानं घेतलं, की इथल्या माणसांच्या कथा सोलापूरच्या साप्ताहिकात छापून आणाव्यात, म्हणजे शहराचा मदतीचा हात इकडं वळेल. म्हणून ते तलावाच्या दुष्काळी कामावर नव्या नव्या कानडीत सांगत फिरले, "निम्म कत्ते तगोंड बर्री!" त्यांना म्हणायचं होतं, तुमची कथा घेऊन या.

कानडीत कथेला म्हणतात कते. कत्ते म्हणजे गाढव. डॉक्टरांच्या जिभेवर तेवढा एक त जड पडला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दवाखान्यापुढं गाढवंच गाढवं. सगळ्यांत पुढं मल्लव्वा कुंभारीण. तिच्या गाढवाच्या बरगड्यांवरून वारासुद्धा अडखळत जात होता. ते मेलं तर तिचं माती वाहायचं काम जाणार, आणि कामाबरोबर भाकरी. छावणी चालवणाऱ्या रुद्रप्पा पाटलांनी तिला दारातूनच परतवलं होतं : "ही गुरांची छावणी हाय. गाढव कुटं गुरांत धरत्यात व्हय?"

"डागदर, तुमीच बोलावलं की," मल्लव्वा म्हणाली. "आता जगवा ह्याला."

डॉक्टरांना चूक उमगली. पण बोलावून आणलेल्याला माघारी धाडायचं, हे त्यांना जमेना. त्यांनी गाढवाची जीभ पाहिली, पोटाला नळी लावली, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "भूक."

"ते मलाबी दिसतंय की!"

मग डॉक्टरांनी खरोखरच गाढव लिहिलं. ते छापून आलं. सोलापुरात सात रस्त्यावरचे दुकानदार आधी पोट धरून हसले, मग त्यांनी ते पुन्हा वाचलं, आणि त्यांनी ट्रकभर कडबा पाठवला.

तोवर छावणीतलाही चारा संपला होता. रुद्रप्पा आपला पांढरा बैल घेऊन ट्रकपुढं उभे राहिले.

"सेठ बोले, गधोंकोच डालना," ड्रायव्हर म्हणाला. "बैल का नाम नै लिए."

रुद्रप्पांनी आभाळाकडं पाहिलं. तिथून काही सुचलं नाही. घसा खाकरून ते म्हणाले, "मग हे गाढवच हाय."

"और सिंगां?"

"आमच्याकडं असत्यात."

ड्रायव्हरनं डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "मी माणसांचा डॉक्टर. गाढवांतलं मल्लव्वाला विचारा."

मल्लव्वाचं गाढव कानांपर्यंत कडब्यात शिरलेलं. तिनं त्याच्या पाठीवरचा हात काढला, सावकाश बैलाभोवती फिरली, शिंगं चाचपली, शेपटी उचलून पाहिली.

"व्हय, गाढवच हाय," ती म्हणाली. "मालकावर गेलंय."

रुद्रप्पांनी मान खाली घातली, आणि बैलानं कडब्यात.

त्या दिवशी गावातली झाडून सारी गुरं गाढवं झाली. मल्लव्वाचं गाढव पाटलांच्या बैलाशेजारी, एकाच पेंढीत तोंड घालून, अंधार पडेपर्यंत खात राहिलं.