मासे परत देणारा शार्क

यंत्राचा एक खटका माणसाचं किती बिघडवू शकतो, सांगू? माझं लग्नच मोडायला आलं होतं. हसू नका, आधी कॉफी घ्या.

मी आठवीतून शाळा सोडलेला. मद्रासच्या आमच्या मराठी मंडळात रविवारी माहितीपट दाखवायचं यंत्र चालवतो. चारचौघांत बोलायला जमत नाही, त्यामुळे अंधारातलं काम बरं वाटतं.

मामांनी स्थळ आणलं. मुलगी मॅट्रिक. तिचे वडील, सेतुरावअप्पा, म्हणाले, "शिक्षण नाही तर नाही. हातात काम आहे का ते बघू." म्हणजे मुलगी दाखवायच्या आधी मलाच दाखवायचं ठरलं, यंत्रासकट.

त्या रविवारी शार्कवरचा परदेशी माहितीपट होता, आवाज नसलेला. मी पाचला सुरू केला. पण रविवारी पाचला राहुकाल, शुभकामाला वर्ज्य वेळ! मुलीकडची मंडळी तो संपेपर्यंत व्हरांड्यात बसून राहिली. मग अप्पा आणि मुलगी आत आले. मुलीची आई, अक्का, मामींशी बोलत बाहेरच राहिल्या.

तोवर खेळ संपून लोक पांगले होते. रीळ परत गुंडाळायला मी ते उलटं फिरवायचा खटका दाबला होता. अशा वेळी दिवा बंद करायचा असतो. नेमकं तेव्हाच मी मुलीकडे पाहिलं. दिवा राहिला.

पडद्यावर शार्कने तोंड उघडलं आणि एक अख्खा मासा बाहेर सोडला. मग दुसरा. अप्पा पहिल्या रांगेत बसले.

मी दिव्याकडे हात नेला. मामांनी तो धरला. "थांब. त्यांना आवडतंय."

खरंच आवडत होतं. "शार्कवरचे माहितीपट मी पुष्कळ बघितलेत," अप्पा म्हणाले. "मुख्य चित्रपटाआधी दाखवतात ते. नुसते दात, रक्त आणि वर ढणढण संगीत. दर्जा म्हणून नाही. हे बघा. जनावराला केवढा संयम आहे."

"पण अप्पा, तो कोळी मागे मागे का चालतोय?" मुलीने विचारलं.

"तिकडे तशी पद्धत असेल."

"असते," मामा म्हणाले.

रीळ संपल्यावर अप्पा माझ्याजवळ आले. "सरी, ठीक आहे. काम येतं तुला. अक्काला बोलावतो, पुन्हा लाव."

रीळ आता सुरुवातीला आलं होतं. मी इमानदारीने सरळ लावलं. शार्कने मासा गिळला. मग दुसरा. अक्कांनी पदर तोंडाला लावला. "शिव शिव. हे बघायला बोलावलंत?"

अप्पांनी मान वळवली. "पोरा, रीळ उलटं लावलंस."

"नाही अप्पा, हेच..."

"मी आत्ता बघितलंय. मासे बाहेर येतात."

मामा कानाशी आले. "उलटं लागलं म्हण. नाहीतर मुलगी गेली."

मी उभा राहिलो. "चुकलं अप्पा. उलटं लागलं." आणि खटका फिरवला. शार्क गिळलेले मासे परत देऊ लागला.

"गरीब आहे बिचारा," अक्का म्हणाल्या. शार्कला म्हणाल्या की मला, ते विचारायचा धीर झाला नाही.

लग्न झालं. अप्पा अजून पाहुण्यांना सांगतात, "जावई गुणी. एकदाच रीळ उलटं लावलं, पण लगेच कबूल केलं."

शेवटी परवा ठरवलं, निदान बायकोला तरी खरं सांगायचं. सांगत सांगत दिवा राहिला तिथपर्यंत आलो, तोच ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. अप्पांना रक्त बघवत नाही म्हणून तुम्ही मुद्दाम उलटं दाखवलंत. इतकं डोकं असलेला माणूस, म्हणून तर मी हो म्हटलं."

मी विचारलं, "कॉफी आणखी आहे का?"