गेटच्या आत सहा फूट

सुनीता गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि मी लायब्ररीत तारखेचा शिक्का बदलत होतो. दवाखान्यातून रोज अकरालाच फोन यायचा. कोविड वॉर्डात कुणाला सोडत नव्हते, माझे क्वारंटाइनचे दिवस संपले होते, म्हणून मी कॉलेजात येऊन बसायचो. फोनवरच्या मुलीने माझं नाव विचारलं, नातं विचारलं, मी "नवरा" म्हणालो, मग तिने सांगितलं. मी "बरं" म्हणालो. काउंटरसमोर एक विद्यार्थिनी उभी होती. तिला आधी पुस्तक दिलं.

नंतर लोक भेटायला येऊ लागले. भेटायला आलेला माणूस पहिली दोन मिनिटं गप्प बसतो. तिसऱ्या मिनिटाला त्याला काहीतरी आठवतं आणि तो किस्सा सांगतो. सुनीता आमच्याच कॉलेजात केमिस्ट्रीची लॅब असिस्टंट होती, त्यामुळे सगळे किस्से त्याच इमारतीतले. आता काही वर्षं झाली, तरी त्यात भर पडते आहे. काही तर माझ्यासमोर घडलेले, तरी मलाच सांगतात. मी ऐकतो.

*

पहिली लाट ओसरल्यावर कॉलेज अर्धवट उघडलं आणि कोविड समिती नेमली. प्रमुख म्हणून बॉटनीचे चौधरी सर. त्यांची गास गावात केळीची वाडी आहे, पिढ्यानपिढ्यांची. सरांनी वाडीतला, अंतर मोजायला गाठी मारलेला दोर आणला आणि एका रविवारी ऑफिसच्या खिडकीसमोर सहा-सहा फुटांवर पांढरी वर्तुळं काढून टाकली.

सोमवारी मुलं फी भरायला आली. प्रत्येक जण नियमाने वर्तुळात उभा राहिला. पण पुढचा कोण आणि मागचा कोण, कुणाला कळेना. सरांनी वर्तुळं सरळ ओळीत काढलीच नव्हती. केळी लावतात तशी त्रिकोणात काढली होती.

"एका ओळीत लावली की जागा फुकट जाते," सर म्हणाले. "अशी लावली की तेवढ्याच जागेत जास्त मावतात."

प्राचार्य बराच वेळ खिडकीतून बघत होते. म्हणाले, "चौधरी, ही रांग आहे की बाग?"

"सर, वर्षभराने घड आले की सांगतो."

*

गेटवर रघुनाथ असायचा. चांदीप गावचा, आमच्याच वयाचा, शब्दाला पक्का. त्याच्या हातात ताप मोजायची बंदूक दिली होती. मार्चचं ऊन. आम्ही सगळे स्कूटरवरून नाहीतर चालत येणारे, कपाळं तापलेली. बंदूक लावली की लाल दिवा.

"सर, तुमी तापलाव. झाडाखाली बसा, पानी प्या, निवलात का मंग या."

साडेदहाच्या सुमारास जांभळाखाली तीस-पस्तीस माणसं निवत बसलेली असायची, खांद्याला खांदा लावून. आत इमारत मोकळी. सगळ्या आवारात गर्दीची जागा ती एवढीच, आणि तीही समितीच्या नियमानुसार.

चौधरी सरांनी हे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी दोर घेऊन जांभळाखाली आले.

*

सुनीताला दमा होता, लहानपणापासूनचा. हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं, कारण तिच्या एप्रनच्या खिशात पंप कायम दिसायचा. कॉलेजचं सॅनिटायझर तिच्याच लॅबमध्ये बनत असे आणि मोजमाप तीच करायची. त्या वासाने तिला खोकला यायचा. ती पॅसेजमध्ये एकदा खोकली की जिन्यापर्यंत माणूस उरायचा नाही.

शेवटी तिने पुठ्ठ्याचं एक कार्ड करून गळ्यात अडकवलं: "मला दमा आहे. तो नाही."

काही दिवसांनी चौधरी सर म्हणाले, "वहिनी, याने लोकांचा गैरसमज दूर होईल, पण तुमचं काय? लोकांनी तुम्हाला घाबरायचं नाही, तुम्ही लोकांना घाबरायचं."

तिने कार्ड उलटं केलं आणि मागे लिहिलं: "मी तुम्हाला घाबरते."

*

त्याच दिवशी सर माझ्याकडे आले. मास्क नीट केला, काउंटरसमोरची दोन वर्तुळं सोडून तिसऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनींना या इमारतीत काही होणार नाही, ही माझी जबाबदारी. पण मला तुमची भीती आहे."

"माझी?"

"दिवसभर शंभर मुलं तुमच्या काउंटरवर येतात. आजपासून तुम्ही वहिनींपासून सहा फूट."

"सर, आम्ही एका स्कूटरवर येतो. मनवेलपाड्यात वन रूम किचनमध्ये राहतो."

"ते गेटच्या बाहेरचं. माझी जबाबदारी गेटपासून सुरू होते."

मी घरी सांगितलं. मला वाटलं, सुनीता हसेल. ती म्हणाली, "माणूस मनापासून करतोय. पाळू या."

मग रोज आम्ही स्कूटरवरून चिकटून यायचो. गेटवर ती उतरायची, रघुनाथ दोघांची कपाळं बघायचा, आणि ती सहा फूट पुढे, मी मागे, असे आत जायचो. रघुनाथ एकदा म्हणाला, "भांडलाव का दोघं?" सुनीता म्हणाली, "नाही रे, ड्यूटीवर आहोत."

*

डबा आमचा एकच, चार खणांचा. एकत्र जेवायची बंदी, म्हणून सकाळी खण वाटून घ्यायचो. घाईत एकदा तिच्याकडे दोन्ही भाज्या गेल्या आणि माझ्याकडे वरण आणि भात. तिने फोन केला.

"काय जेवताय?"

"वरणभात. तू?"

"मेथी आणि बटाटा. पोळ्या कुठे आहेत?"

पोळ्या ओट्यावर राहिल्या होत्या. आम्ही दोघं फोन कानाला लावून जेवलो. ती जिन्याच्या पलीकडे लॅबमध्ये आणि मी अलीकडे लायब्ररीत.

तेव्हा प्राचार्य आत आले. मी उठून उभा राहिलो. फोन चालूच होता.

"बसा, बसा. कुणाशी बोलत होता?"

"मिसेसशी."

"बाहेरगावी असतात का?"

"नाही सर. समोरच असतात."

*

हा शेवटचा किस्सा मला कुणी सांगत नाही, कारण तो आम्हा दोघांतच घडला, ती दवाखान्यात जायच्या थोडे दिवस आधी.

परत आलेली पुस्तकं तीन दिवस खोक्यात बंद ठेवायची, हा नियम माझा. चौधरी सरांना तो इतका आवडला की त्यांनी तो कॉलेजातल्या सगळ्या कागदांना लावला. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाणारा कुठलाही कागद मध्ये तीन दिवस माझ्या लायब्ररीत राहणार. एकदा तातडीच्या मीटिंगची नोटीस मीटिंग झाल्यावर बाहेर पडली. सर म्हणाले, "गर्दी झाली नाही, हे महत्त्वाचं."

मग प्रॅक्टिकल सुरू करायचं ठरलं. दहा दिवसांनंतरच्या सोमवारी सकाळपासून, वीस-वीस मुलांच्या तुकड्या, दारं-खिडक्या उघड्या ठेवून. चौधरी सर स्वतः लॅबच्या दारात जाऊन म्हणाले, "वहिनी, आजच अर्ज करा. तुम्हाला यातून सूट. घरी बसून स्टॉकची यादी करा." तिने तिथल्या तिथे अर्ज लिहिला.

विभागप्रमुखांची सही झाली, अर्ज तीन दिवस माझ्याकडे. चौधरी सरांची सही झाली, पुन्हा तीन दिवस माझ्याकडे. प्राचार्यांची सही शुक्रवारी दुपारी झाली. आता तो फक्त ऑफिसात पोचायचा होता. मी खोक्यावर वेळ लिहिली आणि चिकटपट्टी लावली.

रविवारी सकाळी चहा पिताना तिने विचारलं, "अहो, माझा अर्ज कुठपर्यंत आला?"

"माझ्याकडे आहे."

"सही?"

"झाली. उद्या दुपारी तीन दिवस होतात. मग ऑफिसात देतो."

"प्रॅक्टिकल सकाळी आहे."

"हो."

"तुम्ही उद्या गेल्या गेल्या काढून नाही का देऊ शकत?"

"तुझा काढला की सगळे म्हणतील, आमचाही काढा. बायकोचा म्हणून काढला म्हणतील."

तिच्यासाठी नियम मोडला असं कुणी म्हणावं, हे तिला कधीच आवडत नसे. कप उचलून मोरीकडे जाता जाता म्हणाली, "चला. निदान अर्जाला तरी काही होणार नाही."

मी हसलो. तीही हसली.

सोमवारी आम्ही नेहमीसारखे गेलो. गेटवर ती उतरली आणि सहा फूट पुढे चालत लॅबकडे गेली. मुलं दारात आलेली होती. मी लायब्ररी उघडली. खोकं काउंटरच्या खालीच होतं, खुर्चीवरून हात पोचेल असं. पट्टी फाडून अर्ज ऑफिसात नेऊन द्यायला दोन मिनिटं लागली असती.

मी अर्ज काढला नाही.