संदेशाचं दान

आमच्या चर्चमध्ये सतरंज्या अंथरणाऱ्या म्हातारीला संदेशाचं दान आहे, देव तिच्या तोंडून बोलतो, असं सगळे म्हणायचे. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून आलेला जो तो तिला विचारी, "आज्जी, पाऊस कधी पडंल?"

"मला काय ठावं, बाबा?" म्हणत ती गुडघे चोळत बसे.

एका रविवारी पावसासाठी प्रार्थना चालू असताना ती मध्येच उठली. आता देव बोलणार म्हणून आम्ही कान टवकारले.

"देवाकडं पानी मागताय, अन् आवारातल्या हिरीला कुलूप घातलंय. भाईर गावातल्या बाया घागरी घिऊन हुब्या हायेत."

एवढं बोलून ती खाली बसली आणि पुन्हा गुडघे चोळू लागली.

किल्ली माझ्याच खिशात होती.